पावसाची सुट्टी जाहीर झाली की मुलांसोबत घरात काय काय करता येतं? (पुणे)

मृद्गंध | रात्री १०:४२

उद्या शाळा बंद. डबा भरायचा नाही, पण दिवस भरायचाय. मुलं ५ आणि ९ वर्षांची. तिसरा मजला, पश्चिमेला तोंड करून गॅलरी, सोसायटीच्या गच्चीची किल्ली मागितली तर मिळते. अमेरिकेतल्या आतेभावाला बर्फाची सुट्टी मिळते, तो अंगणात स्नोमॅन करतो, त्याचे व्हिडिओ दोघांनी पाहिलेत. त्यामुळे प्रश्न थेट आला आहे: "त्यांना बर्फ मिळतो, मग आपण पावसाचं काय करायचं?"

रंगवायची चित्रं, पझल हे सगळं घरात आहे आणि ते तासाभरात संपतं. मला पावसाशी जोडलेलं, जरा लांब चालणारं काही हवंय. कृपया नेमकं लिहा: काय घ्यायचं, किती घ्यायचं, कुठे फसतं. "मुलांना वेळ द्या" प्रकारचे सल्ले नकोत, वेळ दिलेलाच आहे.

---

भूछत्री | रात्री १०:५५

आधी सुट्टी खरी आहे का ते बघा. मागच्या वर्षीचा आदेश तारीख कापून फिरवला जातो. जिल्हाधिकाऱ्यांचं किंवा महापालिकेचं अधिकृत पान आणि शाळेचा स्वतःचा संदेश, या दोन्हींत दिसलं तरच धरा. आदेशात कोणते तालुके आहेत तेही वाचा. अनेकदा मावळ, मुळशी, भोर बंद असतात आणि शहर चालू असतं.

दुसरं म्हणजे अलर्ट कुणासाठी आहे ते. हवामान खातं पुण्याचा घाटमाथा आणि शहर यांचा अंदाज वेगळा देतं. "पुण्याला रेड अलर्ट" अशी बातमी असते, प्रत्यक्षात रेड घाटमाथ्याला असतो आणि शहरात ऑरेंज किंवा यलो. मुलांना हे सांगण्यासारखं आहे, कारण शहरात भुरभुर असतानाही घाटातल्या पावसाने मुठा नदी फुगते.

आकडे: २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार, त्यावर अत्यंत मुसळधार. ९ वर्षांच्या मुलाला हे तीन पट्टे कागदावर रंगवून भिंतीला लावता येतील. पुढचं काम वर्षामापक सांगतीलच.

---

वर्षामापक | रात्री ११:२०

सांगतो. दिवसभर पुरणारं एकच काम निवडायचं असेल तर घरचं पर्जन्यमापक. बर्फात स्नोमॅन, पावसात हे.

दोन लिटरची कोल्ड्रिंकची रिकामी बाटली घ्या. मधे कंबर असलेली नको, अंग सरळ हवं. खांदा जिथे संपतो आणि सरळ भाग सुरू होतो तिथे गोल कापा. पहिलं भोक मोठ्या माणसाने कटरने पाडायचं, पुढे मूल कात्रीने कापू शकतं. कडेला चिकटपट्टी लावा, कापलेलं प्लास्टिक बोटाला लागतं. वरचा तुकडा टोपण काढून उलटा आत बसवा. तेच नरसाळं. पाणी उडून बाहेर जात नाही आणि वाफ होऊनही फार कमी होत नाही.

आता सगळ्यात जास्त फसणारी जागा. या बाटल्यांचं बूड सपाट नसतं, पाच पाकळ्यांचं असतं. तिथून पट्टी लावून मोजलं की पहिले काही सेंटिमीटर खोटे येतात. म्हणून तळाशी मूठभर खडे टाका (वाऱ्याने बाटली पडत नाही हा दुसरा फायदा) आणि सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरा. पाण्याच्या त्या पातळीवर शून्याची रेघ. तिथून वर दर ५ मिमीला परमनंट मार्करने रेघ, दर १० ला आकडा. कागदी पट्टी चिकटवू नका, तासाभरात लगदा होतो.

नरसाळ्याचं तोंड आणि बाटलीचं अंग एकाच मापाचं आहे, त्यामुळे आतल्या पाण्याची उंची म्हणजेच पाऊस. कुठलंही गणित नाही. बाटली मिळाली नाही आणि मोठं नरसाळं छोट्या बरणीवर ठेवलं, तर मात्र गणित लागतं: गोळा झालेलं पाणी मिलिलिटरमध्ये मोजा, नरसाळ्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळाने (चौरस सेंमी) भागा, १० ने गुणा. तोंड १०.५ सेंमी व्यासाचं असेल तर क्षेत्रफळ सुमारे ८६.६ चौसेंमी, म्हणजे जवळपास ८७ मिली पाणी जमलं की १० मिमी पाऊस.

ठेवायचं कुठे? गच्चीवर, उघड्यावर. कठडा १ मीटर उंच असेल तर त्याच्यापासून निदान २ मीटर लांब. पाण्याच्या टाकीजवळ नको. फरशीवर ठेवलं तर उडालेले थेंबही आत जातात. वेधशाळेच्या मापकाचं तोंड जमिनीपासून ३० सेंमीवर असतं, तुम्हीही दोन विटांवर ठेवून बाजूने आणखी विटा लावा म्हणजे तोंड साधारण त्याच उंचीला येईल.

वाचन दर दोन तासांनी. डोळे पाण्याच्या पातळीला आणून, वरून वाकून नाही. वाचणार लहान भावंड, लिहिणार मोठं. आलेख कागदावर दर दोन तासांचा एक खांब. संध्याकाळपर्यंत खांब कधी चढला, कधी बसला ते दिसतं आणि मुलं पुढचा खांब किती येईल यावर पैज लावू लागतात.

---

मृद्गंध | रात्री ११:३१

हे उत्तम! दोन शंका. सारखं सारखं गच्चीवर जाणं जमलं नाही तर गॅलरीत चालेल का? आणि धाकट्याला "मिमी" कसं समजावू?

---

वर्षामापक | रात्री ११:४८

गॅलरीचा आकडा वेधशाळेशी जुळवायच्या लायकीचा नाही. पुण्यात पावसाळ्यात वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, तुमच्या गॅलरीत पाऊस तिरका शिरतो आणि वरचं छत अर्धा अडवतं. पण या तासाला जास्त की मागच्या, एवढं कळायला गॅलरी पुरते. जमलं तर एक बाटली वर, एक गॅलरीत ठेवा. दोन्हींतला फरक हा स्वतंत्र प्रयोगच आहे.

धाकट्यासाठी: सरळ भिंतीचे दोन स्टीलचे डबे घ्या, एक रुंद, एक अरुंद. गच्चीवर शेजारी ठेवा. आधी विचारा, कुठल्यात पाणी जास्त उंच चढेल? बहुतेक मुलं रुंद डब्याकडे बोट दाखवतात. मग पट्टी बुडवून बघा, उंची सारखीच. बादली किंवा पेला वापरू नका, त्यांच्या भिंती वर पसरट असतात, प्रयोग चुकतो.

मोठ्याला एवढं सांगा की १ मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. गच्ची १०० चौरस मीटर असेल तर १० मिमी पावसात १००० लिटर, म्हणजे गच्चीवरची एक काळी टाकी भरते. हे कळल्यावर तो मिमी विसरत नाही.

---

सोंगटी | रात्री ११:५६

रेड अलर्टला बाटली भरून वाहू शकते. सरळ भाग १५ सेंमीचा असेल तर १५० मिमीला संपला. झोपायच्या आधी वाचन लिहून पाणी शून्याच्या रेघेपर्यंत ओतून टाकायचं, सकाळचं त्यात मिळवायचं.

---

डेक्कनकर | सकाळी ७:१०

घरी पेपर येत असेल तर आजचा टाकू नका. धरणांच्या साठ्याचा तक्ता काढा. ९ वर्षांच्या मुलाला दुपारपर्यंत पुरेल इतकं गणित त्यात आहे, आणि ते त्याच्या नळाच्या पाण्याबद्दलचं आहे.

खडकवासला साखळीतली चार धरणं: टेमघर ३.७१ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, खडकवासला १.९७. बेरीज त्यालाच करू द्या, २९.१५ येते. चार पट्ट्या काढा, १ सेंमीला १ टीएमसी, आणि आजचा साठा निळ्या रंगाने भरा. खडकवासला सगळ्यात छोटं, पण तिन्ही धरणांचं पाणी तिथेच येतं. म्हणून वर थोडा जोर झाला की ते आधी भरतं आणि विसर्ग सुरू होतो. पट्ट्या रंगवल्या की हे न सांगता समजतं.

आता क्युसेक. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट, २८.३ लिटर. साध्या बादलीत १५ लिटर धरलं तर दर सेकंदाला जवळपास दोन बादल्या. "१० हजार क्युसेक विसर्ग" म्हणजे सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर, १० हजार लिटरचे २८ टँकर. दर सेकंदाला! घड्याळाच्या टिकटिकीबरोबर मोठ्याने मोजायला लावा.

आणि १ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. १० हजार क्युसेकने १ टीएमसी जायला १ लाख सेकंद, सुमारे पावणेअठ्ठावीस तास.

आजी-आजोबा घरात असतील तर पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१, हा विषय काढायला याहून चांगला दिवस नाही. नकाशा उघडून कुठली पेठ, कुठला पूल, ते मुलांनी बोटाने दाखवायचं.

---

भूछत्री | सकाळी ७:२४

डेक्कनकर, गणित सुरेख. पण त्यानंतर मुलं म्हणणार, "चला, नदी बघायला." ते आजच्या दिवशी नाही. भिडे पूल पाण्याखाली गेलेला बघायला काठावर गर्दी होते, कठडे निसरडे असतात, आणि विसर्ग वाढवला की नदीपात्रातल्या रस्त्यावर पाणी चढायला वेळ लागत नाही. विसर्गाचा आकडा घरात बसून बघावा.

खाली पार्किंगमध्ये उड्या मारायच्या असतील तर पावलाचा घोटा बुडेल एवढ्याच पाण्यात, तेही तळ दिसत असेल तर. झाकण सरकलेलं चेंबर गढूळ पाण्यात दिसत नाही. विजेचा खांब, डीपी, मीटरची खोली, पथदिव्याची पेटी यांच्या जवळच्या पाण्यात पाय नको. २५ जुलै २०२४ ला पुलाची वाडी भागात पाण्यात विजेचा धक्का बसून तिघांचा जीव गेला. मुलांना भीती घालायची गरज नाही. "खांबापासून दहा मोठी पावलं लांब" हा नियम मोजून दाखवला की ती तो पाळतात, दुसऱ्यांनाही सांगतात.

---

घोटीव_कागद | सकाळी ८:०५

होड्यांचं कुणीच लिहिलं नाही!

साधी होडी सगळ्यांना येते, पण ती पाच मिनिटांत बुडते. कारण कागद. वर्तमानपत्र पाणी पटकन शोषतं. वहीचा गुळगुळीत कागद बरा, मासिकाचं चकचकीत पान त्याहून बरं. सगळ्यात टिकाऊ करायची तर घडी घालायच्या आधी कागदाच्या दोन्ही बाजूंवर पांढरी मेणबत्ती दाबून घासा, रेघा न ठेवता. घडी घातल्यावर हेअर ड्रायरने अर्धा मिनिट गरम हवा द्या, मेण कागदात उतरतं. घडीच्या कडांवर मेण तडकतं, तिथे पुन्हा घासा. दोघांनी एकेक होडी करायची, एक मेणाची आणि एक बिनमेणाची, टबमध्ये सोडून वेळ लावायची.

मग वजन. होडीत एक-एक रुपयाची नाणी ठेवत जायचं. कोणाची किती नाणी पेलते? नाणी मध्यभागी ढीग केली तर लवकर कलंडते, तळभर पसरली तर जास्त घेते. ९ वर्षांच्याला शिडाची आणि बंबाची होडी शिकवा. बंबाच्या होडीत चौरस कागदाचे चारही कोपरे तीनदा मध्याकडे दुमडावे लागतात (दर वेळी उलटून), तिसऱ्या वेळी कागद जाड होतो, म्हणून निदान २० सेंमीचा चौरस घ्या.

बर्फाच्या आतेभावाला उत्तर द्यायचं असेल तर सहा पाकळ्यांचा हिमकण कापा. इथे नव्वद टक्के लोक चार किंवा आठ पाकळ्या कापतात, कारण अर्ध्यावर अर्धी घडी घालत जातात. खरा हिमकण सहाचाच असतो, बर्फात पाण्याचे रेणू षटकोनात बसतात म्हणून. कृती: चौरस कागद कर्णावर दुमडून त्रिकोण करा. लांब बाजूचा मध्य खुणेने ठरवा. त्या मध्यापासून उजवा भाग डावीकडे आणि डावा भाग त्यावर, असे तीन सारखे भाग करा, प्रत्येक ६० अंशांचा. पहिल्यांदा कोनमापकाने खूण करून घ्या, अंदाजाने हुकतं. मग ती पाचर पुन्हा मधोमध दुमडा. वरची वेडीवाकडी टोकं तिरकी कापा, कडांना त्रिकोण, चंद्रकोरी कापा, उलगडा. या घडीत १२ थर येतात, ए-फोरचा कागद लहान हाताला कापवत नाही. पतंगी कागद घ्या. दिवाळीच्या कंदिलाचा उरलेला असेल तर तोच.

---

तुरटी | सकाळी ८:४०

माझ्या नावाला जागून हे लिहायलाच हवं. 🙂 घरात खरोखरचे स्फटिक वाढवा.

पावसाळ्यात मीठ-साखरेचे स्फटिक करायला जाऊ नका. ते पाणी उडून जाण्यावर अवलंबून असतात आणि जुलैच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, आठवडाभर वाट बघून मुलं कंटाळतात. तुरटी चालते, कारण गरम पाण्यात ती भरपूर विरघळते आणि थंड झाल्यावर बरीचशी बाहेर पडते. उडण्याची वाटच बघायची नाही.

४० ग्रॅम तुरटी खलबत्त्यात कुटा. १५० मिली पाणी उकळीच्या जवळ आणा, गॅस बंद करून तुरटी ढवळत विरघळवा. गढूळ दिसलं तर जुन्या सुती रुमालातून गाळा. काचेच्या बरणीत ओता. पेन्सिलीला खरखरीत सुती दोरा किंवा लोकर बांधून आत लोंबती सोडा, तळाला आणि भिंतीला लागू नये. वर कागद झाका. आता हलवायचं नाही! मुलं सारखी बरणी उचलून बघतात, मग एक सुंदर स्फटिक होण्याऐवजी तळाशी चुरा बसतो. बरणी उंचावर ठेवा आणि दिवे घालवून टॉर्चने बाजूने बघा.

तीन-चार तासांत दोऱ्यावर चकाकणारे दाणे दिसतात, रात्रभरात चांगले मोठे होतात. काहीच आलं नाही तर द्रावण पातळ झालंय: पुन्हा गरम करा, १० ग्रॅम तुरटी वाढवा. लोकरीचा सहा काड्यांचा तारा करून बुडवला तर वरचा हिमकण पांढरा होऊन निघतो. तोंडात घालू नये, हात धुवावेत, बरणी नंतर स्वयंपाकात वापरू नये.

उरलेल्या तुरटीचा खडा खालच्या गढूळ पावसाच्या पाण्यात, एका लिटरच्या बाटलीत, चार-पाच वेळा फिरवा. शेजारी तुरटी न फिरवलेली बाटली. अर्ध्या तासात पहिलीतला गाळ तळाला बसतो. ते पाणी स्वच्छ दिसतं, पिण्यालायक होत नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा.

---

तवा | सकाळी ९:१५

दुपारचं मी बघते. कांदाभजी, म्हणजे पाणी न घालता केलेली खेकडा भजी, कारण त्यात मुलांना खरं काम असतं.

तीन मध्यम कांदे (साधारण ३०० ग्रॅम) उभे पातळ चिरून घ्या. परातीत घालून १ चमचा मीठ, अर्धा चमचा ओवा चोळून, १ चमचा तिखट, पाव चमचा हळद. आता मुलांनी पाकळ्या न पाकळ्या हाताने सुट्या करायच्या. हे नीट झालं तरच भजी खेकड्यासारखी पसरते. धाकट्याच्या हाताला तिखट लागू द्यायचं नसेल तर त्याने आधी सुटं करायचं, तिखट शेवटी घालायचं. १० मिनिटं झाकून ठेवा, कांद्याला पाणी सुटतं. त्या पाण्यात मावेल एवढंच बेसन, पाऊण ते एक वाटी, आणि १ मोठा चमचा तांदळाचं पीठ. पाण्याचा थेंबही नाही. शेवटी १ मोठा चमचा कडकडीत तेलाचं मोहन.

भजी मऊ का पडते? तीन कारणं. बेसन जास्त झालं तर ती भजी राहत नाही, बोंडं होतात. तेल पुरेसं तापलं नव्हतं तर तेल पिते: पिठाचा थेंब टाकल्यावर लगेच वर आला पाहिजे, पण काळा पडायला नको. आणि तळलेली भजी झाकली. झाकू नका, जाळीवर ठेवा. सोडा घालू नये हे माझं मत, सोड्याने भजी फुगते पण तेल जास्त ओढते.

तळताना मुलं कढईपासून तीन फूट लांब. जमिनीवर खडूने रेघ मारा, रेघेच्या आत फक्त मोठं माणूस.

---

रसना_नव्हे | सकाळी ९:३८

तवा, मोहन घालता तर तांदळाचं पीठ कशाला? दोन्हींनी फारच कडक होते. बाकी सहमत.

---

तवा | सकाळी ९:४४

लगेच खाणार असाल तर पीठ वगळा. मुलं एकेक करून येतात, दुसरा घाणा होईपर्यंत पहिला १०-१५ मिनिटं पडून राहतो. पावसाळी हवेत तो सादळू नये म्हणून तांदूळ.

---

वर्षामापक | सकाळी १०:०२

भजीनंतर गोड हवंच, आणि त्यात बर्फाचं शास्त्र आहे. झिपच्या छोट्या पिशवीत २०० मिली सायीचं दूध, २ मोठे चमचे साखर, चिमूट वेलची. हवा काढून बंद, वर दुसरी पिशवी, कारण एकेरी हमखास गळते आणि आइस्क्रीम खारट होतं. मोठ्या पिशवीत ७०० ग्रॅमच्या आसपास फोडलेला बर्फ आणि १५० ते २०० ग्रॅम खडेमीठ. छोटी आत घालून १० मिनिटं हलवायची.

मीठ न घालता आधी दोन मिनिटं हलवून बघू द्या. दूध गार होतं पण गोठत नाही, कारण साध्या वितळत्या बर्फाचं तापमान ० अंशावर थांबतं आणि साखर असलेलं दूध गोठायला त्याहून खाली जावं लागतं. मीठ पडलं की मिश्रण शून्याच्या बरंच खाली, उणे १० च्या आसपास उतरतं. जुन्या लाकडी पॉटमध्ये बाहेर बर्फ-मीठ भरतात ते याचसाठी. म्हणूनच पिशवी उघड्या हाताने धरायची नाही, जाड टॉवेलात गुंडाळायची. गार चटका भाजल्यासारखाच लागतो. खारं पाणी कुंड्यांत ओतू नका.

पुण्यात खरा बर्फ का पडत नाही असं विचारतीलच. शहराचं आजवरचं नोंदलेलं सर्वांत कमी तापमान १.७ अंश, १७ जानेवारी १९३५. शून्याच्या इतक्या जवळ, पण त्या थंडीत आकाश कोरडं असतं. गारा पडतात त्या एप्रिल-मेच्या वळवात. जुलैच्या संथ पावसात कडकडाटही क्वचितच.

---

सोंगटी | सकाळी ११:२०

वीज गेली तर काय, हे आत्ताच ठरवा. टॉर्च आणि पॉवर बँक चार्ज, पिण्याचं आणि वापरायचं पाणी भरून (पंप चालला नाही की वरच्या टाकीतलं तेवढंच), मेणबत्ती ताटलीत आणि पडद्यापासून लांब. हेअर ड्रायर इन्व्हर्टरवर लावू नका. टॉर्च मिळाली की भिंतीवर सावल्यांचे प्राणी.

अंधारात सगळ्यात टिकणारा खेळ चल्लस-आठ. पाटावर किंवा फरशीवर खडूने ५ × ५ घरं. मधलं घर आणि चारही बाजूंची मधली घरं यांवर फुली, तिथे सोंगटी मरत नाही. चार खेळाडू, प्रत्येकी चार सोंगट्या: राजमा, शेंगदाणे, बटणं, खडे. फासे म्हणजे चार चिंचोके. प्रत्येकाची एक बाजू खरखरीत फरशीवर घासून पांढरी करा. घासताना चिंचोका चांगला तापतो, हात भाजला म्हणून मुलं ओरडतील, मधेमधे थांबू द्या. चिंचोके नसतील तर कवड्या.

जितक्या पांढऱ्या बाजू वर, तितकं दान. चारही पांढऱ्या तर चार, चारही काळ्या तर आठ. चार आणि आठला पुन्हा टाकायचं. आपल्या फुलीपासून निघून बाहेरची १६ घरं घड्याळाच्या उलट दिशेने, मग आतली ८ घरं घड्याळाच्या दिशेने, शेवटी मध्य. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरता येत नाही. इथेच ५ वर्षांचं मूल रडतं. त्याच्यासाठी पहिल्या डावात ही अट काढून टाका, दोनच सोंगट्या द्या.

---

पत्तेवाला | सकाळी ११:४१

पाच वर्षांच्याला पत्त्यांत गुलामचोर आणि बदाम सात पुरे. तिघं मोठे असतील तर पाच-तीन-दोन: चारही रंगांचे आठपासून एक्क्यापर्यंतचे २८ पत्ते, वर बदाम आणि इस्पिकची सत्ती, एकूण ३०, प्रत्येकी १०. बदामाची सत्ती त्यात घ्यायची विसरतात आणि वाटप चुकतं.

---

भूमिती | दुपारी १:०५

मोठ्याला दुपारी शांत काम हवं असेल: सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे दीड-दीड सेंमीचे तुकडे आणि गुल खरवडून काढलेल्या काड्या. तुकड्यात दोन बाजूंनी काड्या खोचल्या की लवचिक सांधा. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी मुलांना अशीच खेळणी शिकवली. आधी त्रिकोण आणि चौकोन करायला सांगा आणि कोपऱ्याला दाबा. चौकोन लवतो, त्रिकोण नाही. मग चौकोन पक्का करायला किती काड्या जादा लागतात? (एक, कर्णावर.) तिथून पूल. दोन खुर्च्यांमध्ये ठेवून मधोमध वाटी टांगा, शेंगदाणे टाकत जा. सांधा निसटतो तो बहुतेक काडी अर्धवट खोचल्याने.

---

मृद्गंध | दुसऱ्या दिवशी सकाळी ८:५२

गच्चीवरची बाटली आत्ता ६१ मिमी दाखवतेय, रात्री ओतलेलं धरून. वेधशाळेचा शिवाजीनगरचा आकडा याहून बराच कमी आलाय. आमचं काय चुकलं? आम्ही कोथरूडच्या पुढे, बावधनच्या बाजूला आहोत.

---

वर्षामापक | सकाळी ९:१०

बहुतेक काहीच चुकलं नाही. तुम्ही घाटाच्या जवळ आहात, पूर्वेला सरकावं तसा पाऊस कमी होतो. शिवाजीनगरऐवजी पाषाणचा आकडा बघा, तो तुम्हाला जवळचा. आणि लोहगावचाही लिहून ठेवा, मोठ्याला तिन्ही नकाशावर मांडू दे.

दोन गोष्टी तपासा. वेधशाळेचा दिवस सकाळी ८:३० ते ८:३० असतो, तुमची बाटली काल सकाळी किती वाजता लावली? उशिरा लावली असेल तर उलट कमी यायला हवं होतं. दुसरं, रात्री ओतताना पाणी शून्याच्या रेघेवर थांबवलं की थोडं वर? तेवढे मिमी दोनदा मोजले गेले असतील.

आता पाणी शून्यावर आणून ठेवा, उद्या ८:३० ला पुन्हा. २.५ मिमी किंवा जास्त आलं तर तो "पावसाचा दिवस" म्हणून मोजायचा. आणि मोजणं बंद कराल त्या दिवशी बाटली रिकामी करून आडवी घरात ठेवा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठवडा-दहा दिवसांत तयार होतो, खड्यांमधलं पाणीही त्याला पुरतं.